मोहटोलीची पंगत उठेना

"नियोजन कशाला म्हणतात, ते उद्या या मोहटोलीनं पाहावं!" असं म्हणून गोपीचंद गुरुजींनी हात हवेत फिरवला. तो चहाच्या कपाला लागला आणि कप थेट रीताबाईंच्या नव्या चटईवर आडवा झाला.

"आधी चहाचं नियोजन करा," रीताबाई म्हणाल्या. "कोरियाचं मंग पाहू."

पण गुरुजी आज बायकोच्या टोमण्याला भीक घालणाऱ्यांतले नव्हते. आंधळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या मोहटोलीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. पुढच्या वर्षी रिटायर. आणि अख्ख्या नोकरीत त्यांना एकच गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे विमान! नागपूरकडे जाणारं विमान शाळेवरून गेलं की सारा वर्ग खिडकीकडे पळायचा आणि एखादं पोरगं हमखास विचारायचं, "गुरुजी, तुमी बसले का जी त्याच्यात?" गुरुजी दरवर्षी म्हणायचे, "बसन ना, बसन!" त्या पोरांची पोरं आता शाळेत होती आणि गुरुजी अजून एसटीतच होते.

अशात ही योजना आली. कोरियातली एक शिक्षिका जिल्ह्यातल्या काही शाळा पाहायला येणार. त्यातली एक शाळा ती निवडणार आणि त्या शाळेतल्या दोन माणसांची नावं स्वतः सांगणार. ती दोन माणसं कोरियाला! विमानानं! जाणं, येणं, खाणं, राहणं, सगळं तिकडचं!

गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला जाऊन चाकांची बॅग आणली. तिचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. ती समोरच्या खोलीत अशा जागी उभी होती, की येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागलीच पाहिजे आणि त्यानं विचारलंच पाहिजे, "हे काय जी गुरुजी?"

"काई नाही, कोरियाची तयारी."

"निवड झाली?"

"होऊनच राहिली समजा!"

नियोजन असं होतं. सकाळी पाहुणी येणार. स्वागत, वर्ग पाहणं, मग पंगत. आणि जेवण झाल्यावर गुरुजींचं इंग्रजी भाषण. चार पानी! पहिलंच वाक्य, "मी गोपीचंद, या शाळेचा मुख्याध्यापक." भाषण जेवणानंतर का, तर भरल्या पोटी माणूस उठून जात नाही, हा गुरुजींचा अनुभव. त्यांनी तो झोपलेल्या श्रोत्यांवरून काढला होता, ही गोष्ट वेगळी.

जेवणाचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या सुशीलाबाईंना त्यांनी बजावलं, "हे पाहा, परदेशी माणूस हाय. तिखट अजिबात नोको. दूधभात, उकडलेले बटाटे अन् केळं."

सुशीलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काहून जी? बिमार हाय का ते?"

"बिमार कायले राहीन?"

"मंग बाळंतीण हाय?"

"सुशीलाबाई!"

"नाही, मी आपलं इच्यारलं. एवढ्या दुरून पाहुणी येऊन राहिली, नवा तांदूळ घरात आला हाय, अन् तिले उकडलेले बटाटे खाऊ घालाचे? उद्या आंधळगावच्या बजारात लोक माह्या तोंडावर थुकतीन. मी बेसनाच्या पातोडीचा रस्सा करीन, लाखोळीच्या डाळीचे वडे करीन, तांदळाची खीर करीन. तुमचे बटाटे बी ठेवीन एका कोपऱ्यात. रडू नोका."

गुरुजींनी हात टेकले. सुशीलाबाईंपुढे शिक्षणाधिकाऱ्यांनीही हात टेकले असते.

*

दुसऱ्या दिवशी नियोजनाला पहिला तडा सकाळीच गेला. पाहुणीसोबत विस्तार अधिकारी भुपेंद्र साहेब येणार होते. त्यांचा फोन आला, "गुरुजी, मी मीटिंगमध्ये अडकलो. गाडी पाठवली आहे. सांभाळून घ्या. अन् वर कोणी विचारलं, तर मी होतो म्हणून सांगा."

दुसरा तडा हायवेवर गेला. शहापूरजवळ एक ट्रक आडवा झाला आणि गाडी अडकली. इकडे पोरं सकाळपासून हातात कागदी झेंडे घेऊन रांगेत उभी. एकानं भुकेनं झेंड्याची काडी चावून बारीक केली. ढोलवाल्यांनी तीनदा खोटा इशारा मिळून तीनदा ढोल वाजवला. त्यातला एक तर दूधवाल्यासाठी वाजला आणि तो बिचारा हात जोडून पुढे गेला.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर गाडी आली. ड्रायव्हर अश्विन उतरून म्हणाला, "गुरुजी, मॅडमची रेल्वे हाय संध्याकाळी वरठी टेशनावरून. इथून पाच वाजता निघालोच पाह्यजे. नाहीतर माही नोकरी गेली!"

"अरे, चारलाच मोकळं करतो! नियोजन हाय माह्यं!"

मागच्या दारातून सोरा मॅडम उतरल्या. तिशीतली हसरी बाई, पाठीवर पिशवी, पायांत बूट. फाटकाजवळ खुर्चीवर गावातले सर्वांत म्हातारे नत्थू आबाजी बसवले होते. चौऱ्याऐंशी वर्षं वय, पांढरं धोतर, कडक टोपी, आणि दात सगळे मिळून चार. शाळेची जागा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. आबाजींना पाहताच मॅडमनी बूट काढले आणि त्यांच्यापुढे अशा काही वाकल्या, की सारं गाव चाट पडलं. आबाजींनी छातीवर हात ठेवून "नत्थू!" असं आपलं नाव सांगितलं.

"पाह्य! सून असावं तं असं!" मागून एक बाई म्हणाली आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं तोंड वाकडं केलं.

गुरुजी खिशातलं भाषण सावरत पुढे झाले. "वेलकम मॅडम! आय ॲम..."

"गुरुजीऽऽ!" स्वयंपाकखोलीतून सुशीलाबाई ओरडल्या. "भात थंडा होऊन राहिला! पोरं चक्कर येऊन पडतीन! वरनाची बादली कोन धरन?"

आता आमच्या झाडीपट्टीतला रिवाज असा, की ज्याच्या घरची पंगत, तो पंगतीत बसत नाही. तो वाढतो. शाळा गुरुजींची, पंगत गुरुजींची, तेव्हा बादली गुरुजींचीच. वळख काय, जेवल्यावर भाषणात करून देऊच, असा विचार करून त्यांनी कोटावर टॉवेल टाकला आणि बादली उचलली. इथंच त्यांच्या नशिबानं कूस बदलली, पण ते त्यांना कळायला अजून अवकाश होता.

व्हरांड्यात टाटपट्ट्या, त्यावर पळसाच्या पत्रावळी. पोरं एका बाजूला, गावकरी दुसऱ्या बाजूला. मानाच्या जागी सोरा मॅडम आणि त्यांच्या शेजारी नत्थू आबाजी. सगळं वाढून झालं. आता जेवायचं.

पण कोणी जेवेना!

आबाजी मॅडमकडे पाहत बसले. पाहुण्यानं घास उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. मॅडम आबाजींकडे पाहत बसल्या. का, ते कोणाला कळलं नाही. दोघंही एकमेकांकडे पाहून गोड हसत होते. पोरांच्या तोंडाला पाणी सुटून ते वाळत आलं. शेवटी पोरांनी रोजच्या सवयीनं हात जोडून श्लोक म्हटला, आणि श्लोक संपताच सगळ्यांसोबत दोघांचेही हात पानात गेले. गुरुजींनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

पहिला घास पातोडीच्या रश्श्याचा. तर्री अशी लाल होती, की अश्विननं नुसत्या वासानं डोळे पुसले. मॅडमनी घास खाल्ला. थांबल्या. डोळे मोठे केले. मग शेजारचा मिरचीचा ठेचा बोटानं उचलून रश्श्यात कालवला आणि पुन्हा खाल्ला!

"माय वो!" सुशीलाबाईंनी पदरानं तोंड दाबलं. "हे तं आपलीच हाय! अन् तुमी बटाटे उकडाले लावून राहिले होते!"

*

पंगत रंगली. पोरं जेवून अंगणात पळाली. गावकऱ्यांचं जेवण होत आलं. मॅडमनी पान असं स्वच्छ केलं, की त्या पळसाच्या पानाच्या शिरा मोजून घ्याव्या.

आता आमच्याकडे पान रिकामं म्हणजे पोट रिकामं! पाहुण्याच्या पानात काही उरलंच नाही, तर वाढणाऱ्याची छाती धडधडते. सुशीलाबाई धावत आल्या आणि भाताचा डोंगर रचला. मॅडमनी दोन्ही हात पुढे केले आणि मान लववली.

नको म्हणायचं तर हात पानावर आडवे धरायचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मॅडमचे हात उताणे होते, ओंजळ पुढे करावी तसे.

"दोन्ही हातानं मांगून राहिली!" आबाजी हर्षानं म्हणाले. "गोपीचंद, वरन आन बे! पाहून काय राहिला?"

गुरुजींनी वरण ओतलं. मॅडमनी पुन्हा दोन्ही हात केले, पुन्हा मान लववली आणि पुन्हा पान साफ केलं. मग त्या आबाजींकडे पाहत बसल्या.

आबाजींचं पोट केव्हाच भरलं होतं. पण पाहुणी बसलेली आणि आपण उठायचं? छे! आणि बसायचं तर नुसतं कसं बसायचं? पाहुणीला एकटं वाटेल. आबाजींनी अर्धा वडा घेतला. ते खाताहेत हे पाहून मॅडमनी एक वडा घेतला. मॅडम खाताहेत हे पाहून आबाजींनी उरलेला अर्धा घेतला. आबाजींनी घेतला म्हणून रांगेतल्या सगळ्यांनी एकेक घेतला. दात चारच असल्यामुळे आबाजींचा एक वडा संपेपर्यंत बाकीच्यांचे तीन होत होते.

वडे संपले. खीर संपली. भाताचं पातेलं खरवडून झालं. पंगत मात्र जागची हलेना!

"गुरुजी, अन्न खुटलं!" सुशीलाबाई कानाशी कुजबुजल्या.

पाहुण्यापुढे अन्न खुटलं? मोहटोलीत? ही बातमी भिंतीपलीकडे गेली आणि गावाची अब्रू पणाला लागली. बायका पदर खोचून घराघरांतून निघाल्या. कोणी भात आणला, कोणी वांग्याची भाजी, कोणी पानगे, कोणी सकाळचा झुणका. एकीनं तर नवऱ्याच्या डब्यातली भाकर काढून आणली. तिचा नवरा पंगतीतच बसला होता. त्यानं ती भाकर ओळखली, पण पानात पडल्यावर मुकाट्यानं खाल्ली. गुरुजी बादली घेऊन इकडून तिकडे पळत होते. कोटाच्या बाह्यांवरून वरण ओघळत होतं. आणि वरून सगळीकडून एकच गजर, "गोपीचंद, इकडे!" "गोपीचंद, भात!" "काय गा गोपीचंद, झोपला का?"

गावातले एक बापू तर रडकुंडीला आले. "गुरुजी, माह्या पट्ट्याचं भोक संपलं जी. मले उठू द्या."

"खबरदार उठशीन तं! कोरिया जाईन माह्या हातचा!"

चार वाजले. गुरुजींनी पहिली युक्ती केली. बडीशेप आणि सुपारी आणली. सुपारी आली म्हणजे जेवण संपलं, एवढं कोणालाही कळतं! मॅडमनी दोन्ही हातांनी सुपारी घेतली आणि ती आबाजींच्या पानापुढे ठेवली. आधी मोठ्यांनी. आबाजी भरून पावले. म्हणाले, "पाह्य, माह्याशिवाय सुपारी बी खात नाही पोरगी!" आणि त्यांनी प्रेमानं आपल्या हातानं तिच्या पानात एक पानगा ठेवला.

बाहेर अश्विननं हॉर्न वाजवला.

गुरुजी आबाजींच्या कानाशी वाकले. "आबाजी, उठा ना जी आता."

आबाजींनी असं पाहिलं, जसं काही गुरुजींनी त्यांना धोतर फेडायला सांगितलं. "मी? पाहुनीच्या आधी? गोपीचंद, माहा काका एकदा पोरीच्या सासरी इवायाच्या आधी उठला होता पंगतीतून. दोन्ही घरं आजवर बोलत नाहीत! चौऱ्याऐंशी वर्सं झाले, मी पाहुन्याच्या आधी उठलो नाही. आता मराच्या वक्ताले उठू?"

"मरा कशाले, नुसतं उठा!"

"नाही म्हंजे नाही. तिचं होऊ दे. लेकरू भुकेलं हाय."

गुरुजी दुसऱ्या बाजूनं मॅडमच्या कानाशी वाकले. चार पानी इंग्रजीतलं एकही वाक्य या प्रसंगाचं नव्हतं. "मॅडम, यू... अप? प्लीज?"

मॅडमच्या कपाळावर घाम होता. चेहरा हसरा, पण डोळ्यांत पाणी. ते ठेच्याचं नक्कीच नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "नो, नो. आफ्टर ग्रँडफादर. इन माय कंट्री, एल्डर फर्स्ट. अँड गिव्हन फूड, टू हँड्स, ऑल फिनिश."

गुरुजींच्या हातातली बादली खाली आली.

हिच्याकडे म्हातारा उठल्याशिवाय उठायचं नाही. आपल्याकडे पाहुणा उठल्याशिवाय उठायचं नाही. म्हणजे हे दोघं आता रिटायरमेंटपर्यंत बसतात! गाडी जाते, पाहुणी आजारी पडते, पेपरात नाव येतं आणि विमान जातं ते कायमचं! गुरुजींना खरोखर रडू आलं. कोपऱ्यातले उकडलेले बटाटे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

मग एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुरुवातीला काय झालं होतं? श्लोकानं दोघांचे हात एकाच वेळी पानात गेले! तसं दोघांना एकाच वेळी उठवलं तर? आणि शाळेत सगळ्यांना एका झटक्यात उभं करणारी गोष्ट एकच!

"विनोद!" त्यांनी सहायक शिक्षकाला हाक मारली. "पोरं गोळा करा! राष्ट्रगीत!"

"आत्ता? पंगतीत?"

"प्रश्न नोको! सुरू करा!"

विनोद गुरुजींनी शिट्टी मारली. पोरं रांगेत लागली. पहिला सूर निघाला आणि काय सांगू, पंगत उभी राहिली! आबाजी काठीच्या आधारानं ताठ उभे. मॅडम ताठ उभ्या. बापू दोन्ही हातांनी पट्टा धरून ताठ उभे. हात खरकटे, पण मान उंच. गुरुजींच्या अंगावर काटा आला. त्यात देशभक्ती किती आणि विमान किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गीत संपलं. जयघोष झाला. गुरुजी "चला मॅडम" म्हणायला तोंड उघडणार, तोच विनोद गुरुजींनी रोजच्या परिपाठाच्या सवयीनं खणखणीत आवाज दिला,

"विश्राऽम! सावधाऽन! सगळे खाली बऽस!"

आणि सगळे बसले!

पोरं बसली, गावकरी बसले, आबाजी बसले. आबाजी बसले म्हणून मॅडम बसल्या. आणि बसलेल्या माणसापुढे पान रिकामं दिसताच सुशीलाबाईंनी भात वाढला.

"विनोऽऽद!" गुरुजींचा आवाज फाटला.

"सवय, गुरुजी! सकाळी असंच राहते ना!"

"परत म्हणा!"

"राष्ट्रगीत? दुसऱ्यांदा? पंगत उठवासाठी?" आबाजी पानावरून गरजले. "लाज वाटते का नाही गोपीचंद? गंमत हाय का ते?"

गुरुजींनी दोन्ही कान पकडले. ते खरंच होतं. बाहेर अश्विन आता हॉर्नवरचा हातच काढत नव्हता. पाचला थोडंच कमी होतं. बापू पानाकडे पाहत हुंदके देत होते. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी कंटाळून बोलली, "गुरुजी, सुटीचं गानं कवा म्हनाचं जी?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. अरे, शाळा भरतानाचं म्हटलं, तर शाळा भरणारच! ती बसणारच! सुटायची असेल तर सुटतानाचं म्हणावं लागतं!

"सुटीचं गीत!" ते ओरडले. "अन् विनोद, त्याच्यानंतर तू एक शब्द बोलला तं तुही बदली गडचिरोलीले!"

गीत झालं. पंगत उभी राहिली. विनोद गुरुजींनी स्वतःच्या तोंडावर हात धरला. आणि शेवटची ओळ संपताच पोरांनी रोजच्यासारखी एकच आरोळी ठोकली आणि दप्तरं उचलून फाटकाकडे धूम ठोकली. त्या लोंढ्यात गावकरी, आबाजी, मॅडम, सगळेच बाहेर लोटले गेले. कोण आधी उठलं, कोण मागून उठलं, कोणाला पत्ता नाही! आबाजींची इज्जत राहिली, मॅडमची राहिली. बापू तर बाहेर पडताच चिंचेच्या झाडाखाली आडवे झाले.

अश्विननं मॅडमना गाडीत बसवलं. मॅडमनी खिडकीतून आबाजींना हात जोडले. मग त्यांची नजर गुरुजींवर गेली. खांद्यावर टॉवेल, हातात बादली, कोटावर वरणाची नदी. मॅडमनी मोबाईल काढून त्यांचा फोटो घेतला आणि छातीवर हात ठेवून खोल वाकल्या.

"मॅडम, स्पीच! माय स्पीच!" गुरुजींनी खिशातून भाषण काढलं. चारही पानं तर्रीनं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवेपर्यंत गाडी आंधळगावच्या रस्त्याला लागली होती.

गाडी वरठीला वेळेवर पोचली, असा रात्री अश्विनचा निरोप आला. मॅडमनी वाटेत काही खाल्लं का, असं सुशीलाबाईंनी आवर्जून विचारायला लावलं. त्यावर अश्विननं फोनच ठेवला.

*

पंधरा-वीस दिवसांनी भुपेंद्र साहेबांचा फोन आला, तेव्हा गुरुजी बॅगेवरची धूळ पुसत होते.

"अभिनंदन, गुरुजी! मोहटोलीची निवड झाली! मॅडमनी लिहिलं आहे, असा पाहुणचार जन्मात पाहिला नाही. दोन नावंही सांगितली आहेत."

गुरुजींनी रीताबाईंना हातानंच खूण केली. पाह्य! म्हटलं होतं ना! फोन त्यांनी स्पीकरवर टाकला. "बोला साहेब, बोला. नावं सांगा."

"पहिलं नाव, शाळेचे वयोवृद्ध मुख्याध्यापक नत्थूजी."

"काय?"

"त्यांच्यापुढे अख्खं गाव बसून होतं, त्यांच्या शब्दावर सगळे धावत होते. असे मुख्याध्यापक पाहिले नाहीत, म्हणते."

"अन्... अन् दुसरं?"

साहेबांनी घसा खाकरला. "दुसरं नाव तुमचंच आहे, गुरुजी. फोटोसकट. 'शाळेचे आचारी श्री. गोपीचंद. सगळे जेवेपर्यंत हा माणूस एकदाही बसला नाही. याच्या हातचा लाल रस्सा आमच्या शाळेतल्या मुलांनी खाल्लाच पाहिजे. यानं येऊन आमच्या स्वयंपाकघरात शिकवावं.'"

रीताबाई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या, की बॅगेला धरून खाली बसल्या. "आचारी! अवो, लग्नाले बत्तीस वर्सं झाले, यायले चहात साखर आधी टाकतेत का पत्ती, ते मालूम नाही!"

"साहेब, हे दुरुस्त करा ना! मी मुख्याध्यापक आहो!"

"करतो की," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "पण मग वर विचारतील, ओळख कोणी करून दिली नाही? आणि अहवालात मी त्या दिवशी तिथं हजर आहे, गुरुजी. समजून घ्या. मॅडमनी सांगितलेली नावंच चालतात, असा नियम आहे. जायचं, तर आचारी म्हणून जा. नाहीतर दुसऱ्या शाळेला देतो."

गुरुजींनी खिडकीतून वर पाहिलं. आभाळात एक विमान नागपूरकडे चाललं होतं.

"जातो," ते म्हणाले.

आबाजींना कळलं, तेव्हा ते लगेच तयार झाले. "जाऊ ना! काहून नाही? फक्त माह्यं धोतर तुह्या त्या चाकाच्या बॅगेत ठेवजो."

सुशीलाबाईंना कोणी तरी भीत भीत विचारलं, की रस्सा तुमचा आणि नाव गुरुजींचं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, "मले कायले विमानात बसवता? माह्या म्हशी कोन सोडन? पन माह्या रश्श्याचं नाव त्यायनं तिथं खराब केलं, तं पाहून घेईन." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुरुजींना चुलीपुढे बसवलं. आयुष्यभर गुरुजींनी पोरांचे कान पिळले होते. आता त्याची सव्याज परतफेड सुरू झाली.

"हे काय केलं जी? पातोडी हाय का छपराचं कवेलू? पुन्हा करा!"

"बाई, एकदा चाखून तरी..."

"उलट बोलू नोका! पुन्हा!"

गुरुजींच्या मिशीची एक बाजू जळाली. बेसन डोळ्यांत गेलं. पण माणसानं हार मानली नाही. विमान होतं ना समोर! महिनाभरानं त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं, "झाली तयारी! आता साऱ्या मोहटोलीनं येऊन जेवून पाहावं!"

त्याच व्हरांड्यात पुन्हा पंगत बसली. आता पाहुणे भुपेंद्र साहेब. ह्या वेळी मीटिंग नव्हती, म्हणून बिचारे आले होते. शेजारी नत्थू आबाजी. गुरुजींनी स्वतःच्या हातानं केलेला पातोडीचा रस्सा स्वतःच्या हातानं वाढला आणि बादली धरून उभे राहिले. पोरांनी श्लोक म्हटला. सगळ्यांनी घास घेतला.

साहेबांचा घास गालातच राहिला. बापूंनी पट्टा सैल करायचं सोडून तो आणखी एक भोक आवळला.

आबाजींनी घास कसाबसा गिळला. पानाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या पाहुण्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठी उचलली आणि चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा नत्थू आबाजी पाहुण्याच्या आधी पंगतीतून उठले.